कृष्णविवरातले वलय: चित्र आणि समीकरण

न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या केंद्रात अनंत घनतेचा बिंदू असतो, आणि कृष्णविवर फिरत असेल तर त्या बिंदूचे वलय होते, हे विधान आता चांगलेच रुळले आहे. प्रश्नमंजुषेत ते विचारले जाते, तक्त्यांवर छापले जाते. आम्हीही ते लिहिले आहे. फळ्यावर वलय काढून, त्यातून आरपार जाणारा बाण दाखवून, पलीकडे प्रश्नचिन्हासह 'दुसरे विश्व' असेही लिहिले आहे. त्या बाणाशी आल्यावर वर्ग एकदम शांत होतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. म्हणूनच तो बाण तपासून पाहणे आम्हाला भाग वाटते. आमचे म्हणणे असे की, या विधानाचा पहिला अर्धा भाग चूक आहे. दुसरा अर्धा भाग एका समीकरणाच्या उकलीबद्दल खरा आहे, पण आकाशातल्या कृष्णविवराबद्दल तो खरा मानायला आधार नाही.

ज्याला भौतिकशास्त्रज्ञ 'सिंग्युलॅरिटी' म्हणतात त्याला या लेखात आपण 'विलक्षणता' म्हणू. सिद्धांताचे गणित जिथून पुढे चालत नाही, अशी अवकाश-कालाची हद्द, एवढाच तिचा अर्थ. ती एखादी वस्तू आहे असे समजून चालायचे नाही.

प्रथम, फिरण्याला एवढे महत्त्व का? फिरत्या स्टुलावर हात पसरून बसलेल्या मुलाने हात जवळ घेतले की स्टूल वेगाने फिरू लागते, हा प्रयोग आपण कोनीय संवेगाची अक्षय्यता शिकवताना करतोच. तारा कोसळतो तेव्हाही तेच घडते. खेकडा तेजोमेघातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो. कृष्णविवर म्हणजे कोसळण्याची आणखी पुढची पायरी. मात्र व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार कृष्णविवराच्या कोनीय संवेगाला कमाल मर्यादा आहे. वस्तुमानाच्या वर्गाला गुरुत्व स्थिरांकाने गुणावे आणि प्रकाशाच्या वेगाने भागावे, की ती मर्यादा मिळते. कोनीय संवेग त्याहून जास्त असेल तर समीकरणात क्षितिजच उरत नाही.

इथे एक जुने लाडके वाक्य अडचणीत येते. पृथ्वी ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीएवढी दाबली तर तिचे कृष्णविवर होईल, असे आपण सांगतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य करायला द्यावे. पृथ्वीचा आजचा कोनीय संवेग वरच्या मर्यादेच्या सातशेपटींहून अधिक भरतो! म्हणजे हा संवेग कुठेतरी टाकून दिल्याशिवाय पृथ्वीचे कृष्णविवर होणार नाही, कितीही दाबा. सूर्याचा आकडा मात्र मर्यादेच्या सुमारे एक पंचमांश आहे. 'नऊ मिलिमीटर' सांगताना आपण पृथ्वी फिरते हेच विसरलेलो असतो.

आकाशातली कृष्णविवरे फिरतात याचा पुरावाही आता हाताशी आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या यंत्रांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींतून दोन कृष्णविवरे एकत्र आल्याचे कळले. त्यातून झालेले कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ६२ पट वस्तुमानाचे होते आणि कमाल मर्यादेच्या सुमारे ६७ टक्के एवढे फिरत होते. तेव्हा न फिरणारे कृष्णविवर ही गणिताची सोय समजावी. घर्षणरहित उतार जसा पुस्तकात असतो, तसेच तेही.

आता तो 'बिंदू' पाहू. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांची पहिली अचूक उकल १९१५ च्या अखेरीस शोधली. ती न फिरणाऱ्या गोलाकार वस्तुमानाची आहे. या उकलीत क्षितिजाच्या आत गेल्यावर एक विचित्र अदलाबदल होते. बाहेर जी दिशा 'केंद्राकडे' म्हणून अवकाशातली दिशा असते, ती आत काळाची दिशा बनते. त्यामुळे आतल्या प्रवाशाच्या दृष्टीने विलक्षणता ही समोर दिसणारी, चुकवून जाता येईल अशी जागा नसते. ती त्याच्या भविष्यातली एक वेळ असते. उद्याचा सोमवार टाळण्यासाठी डावीकडे वळून उपयोग नसतो, तसेच हे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लक्ष पट वस्तुमानाचे आहे. ते फिरत नाही असे धरले, तर क्षितिज ओलांडल्यापासून शेवटापर्यंत प्रवाशाच्या घड्याळात फार तर एक मिनिट आणि काही सेकंद जातील. अग्निबाण सोडून धडपड केल्याने ही मुदत वाढत नाही. वर्तुळ काढून मध्ये ठिपका दिला की हे सगळे पुसले जाते. ठिपका 'तिथे' असतो. ही विलक्षणता 'तेव्हा' असते.

फिरणाऱ्या वस्तुमानाची उकल सापडायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक गेले. ती न्यूझीलंडचे गणिती रॉय केर यांनी १९६३ मध्ये टेक्सास विद्यापीठात असताना शोधली. त्यांचा निबंध छापील दोन पानांचाही नाही. या उकलीत क्षितिजे दोन आहेत, एक बाहेरचे आणि एक आतले. बाहेरचे क्षितिज ओलांडल्यावर पुन्हा ती अदलाबदल होते आणि प्रवासी आत ओढला जातो. पण आतले क्षितिज ओलांडल्यावर अवकाश आणि काळ आपापल्या जागी परत येतात. त्यापलीकडे जी विलक्षणता आहे, ती खरोखरच अवकाशातल्या वलयासारखी आहे. तिला वळसा घालता येतो, तिच्यापासून दूर राहता येते. फिरण्याने विलक्षणतेत होणारा खरा फरक आमच्या मते हा आहे. आकार बदलला ही गोष्ट त्या मानाने किरकोळ. भविष्यातली अटळ वेळ होती, तिची टाळता येण्याजोगी जागा झाली. लोकप्रिय लेखनात आकाराचे चित्र येते, आणि हे नेमके गळते.

वलयाच्या मधून पलीकडे गेले तर? उकल तिथेही पुढे चालू ठेवता येते. पण तिथे केंद्रापासूनचे अंतर ऋण होते, आणि गुरुत्व ओढण्याऐवजी ढकलते. शिवाय, ब्रँडन कार्टर यांनी १९६८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, तिथे असे मार्ग आहेत की ज्यांवरून प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचतो. 'दुसरे विश्व' म्हणतात ते हेच.

आता आपण गणिताचे शिक्षक म्हणून विचार करू. आयताकृती शेताचे क्षेत्रफळ दिले आहे, लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, रुंदी काढा. वर्गसमीकरणाला दोन मुळे येतात, १० आणि उणे १५. विद्यार्थी उणे १५ खोडतो आणि शेजारी कारण लिहितो. ते मूळ समीकरणाचे समाधान करते यात शंका नाही, पण ते शेताची रुंदी नाही. केर यांच्या उकलीचा वलयापलीकडचा भाग आम्हाला या ऋण मुळासारखा वाटतो. फरक एवढाच की इथे त्याला खोडण्याऐवजी त्याच्यावर मुखपृष्ठे काढली गेली.

अर्थात, ऋण मूळ खोडताना कारण द्यावे लागते, तसे इथेही द्यायला हवे. ते कारण आतल्या क्षितिजात आहे.

केर यांची उकल हे वर्षानुवर्षे काहीही न बदलणाऱ्या, एकट्या, बाहेरून काहीही पडत नसलेल्या कृष्णविवराचे वर्णन आहे. बाहेरच्या भागासाठी हे वर्णन चालते, कारण तिथली गडबड विरून जाते. न फिरणारे कृष्णविवर डिवचले तर ते घंटेसारखे क्षणभर निनादून शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाहेरही असेच घडते. लायगो ऐकते तो हाच नाद. हिंगोली जिल्ह्यात ज्याच्या उभारणीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्या लायगो-इंडियालाही ऐकू येईल तो बाहेरचाच. आत काय शिल्लक आहे ते त्यातून कळत नाही.

आत मात्र गडबड विरत नाही, साचते. असे समजू की कृष्णविवराबाहेर बसलेला एक माणूस आत गेलेल्या मित्राला रोज एक पत्र टाकतो आणि हे काम तो अनंत काळ करत राहतो. केर यांच्या उकलीप्रमाणे, आतल्या क्षितिजाशी पोहोचणाऱ्या मित्राला ती सगळी, अगदी सगळी पत्रे, त्याच्या घड्याळाच्या मर्यादित वेळात मिळतात. जणू एकाच दुपारी अनंत दिवसांची टपाल. पत्रांच्या जागी प्रकाशाची कंपने घाला. कंपने दाटत जातात, प्रकाश निळा, मग अतिनील, मग क्ष-किरण होत जातो आणि त्याची ऊर्जा वाढतच राहते. बाहेरून येणारा प्रकाश कितीही मंद असो, आतल्या क्षितिजाशी त्याची ऊर्जा अमर्याद होते. रॉजर पेनरोज यांनी ही गोष्ट १९६८ च्या सुमारास दाखवली. एरिक पॉयसन आणि वर्नर इस्रायल यांनी १९९० मध्ये त्याचे गणित पुढे नेले, तेव्हा असे दिसले की या ऊर्जेच्या गुरुत्वामुळे आतल्या भागाचे वस्तुमान जणू फुगत जाते आणि वक्रता अनंताकडे धावते. म्हणजे वलयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी, आतल्या क्षितिजापाशीच एक नवी विलक्षणता उभी राहते. बाण तिथेच थांबतो.

ही नवी विलक्षणता तुलनेने 'मऊ' आहे, ही आणखी एक गंमत. अमोस ओरी यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवले की तिथे ताण अनंत होतो खरा, पण इतक्या अल्प काळासाठी की वस्तूची एकूण ओढाताण मर्यादितच राहते. वेग अनंत होऊनही अंतर मर्यादित राहू शकते, हे ज्यांनी कलनशास्त्रात पाहिले आहे त्यांना हे पटायला जड जाऊ नये. मिहालिस डाफेर्मोस आणि जोनाथन लुक या गणितींनी २०१७ मध्ये दिलेल्या दीर्घ सिद्धतेचा रोखही तसाच आहे. बाहेरची गडबड अपेक्षेप्रमाणे विरत असेल, तर आतले क्षितिज पूर्ण नष्ट होत नाही. अवकाश-काल तिथवर सलग राहतो, फक्त त्याचा गुळगुळीतपणा तिथे टिकेल अशी अपेक्षा नाही. तेव्हा 'आत सगळे चिरडले जाते' हे सरसकट सांगणेही आता बरोबर नाही.

हे सगळे वाचकांपर्यंत कसे पोहोचले? स्टीफन हॉकिंग यांच्या १९८८ च्या गाजलेल्या पुस्तकात या प्रवासाचा उल्लेख आहे, आणि अशा उकली बहुधा अत्यंत अस्थिर असाव्यात, अंतराळवीराच्या नुसत्या उपस्थितीनेही त्या बिघडतील, हा इशाराही लगेच दिलेला आहे. इशारा दोन-तीन ओळींचा होता. पुढच्या पुनर्कथनांत प्रवास राहिला आणि इशारा गळाला. याचा दोष हॉकिंग यांना देता येत नाही. तो आमच्यासारख्या, त्यावरून पुढे लिहिणाऱ्यांचा.

२०१४ चा 'इंटरस्टेलर' हा चित्रपट या बाबतीत अधिक विचार करायला लावतो. त्यातले 'गार्गान्टुआ' कृष्णविवर सूर्याच्या १० कोटी पट वस्तुमानाचे आहे. त्याच्याजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे दूरची सात वर्षे, अशी कथेची गरज. किप थॉर्न यांनी त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात हिशेब दिला आहे की, त्यासाठी कृष्णविवर कमाल मर्यादेच्या इतके जवळ फिरायला हवे की उणीव शंभर लाख कोटींत एक भाग एवढीच असावी. गंमत अशी की याच थॉर्न यांनी १९७४ मध्ये हिशेब केला होता की, तबकडीतून पदार्थ गिळत वाढणारे कृष्णविवर मर्यादेच्या ०.९९८ च्या पुढे सहसा जाऊ शकत नाही. आणि पडद्यावरचे चित्र तर ०.६ एवढ्याच फिरकीचे काढले आहे. जास्त फिरकीने कृष्णविवर एका बाजूने चपटे दिसते आणि प्रेक्षक गोंधळतात, म्हणून. एकाच कृष्णविवराच्या दोन फिरक्या! यावर नाक मुरडण्याचे आम्हाला कारण दिसत नाही, कारण पुस्तकात हे उघड सांगितले आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे चित्रपटाने वलयाचा मोह टाळला. नायक कृष्णविवरात जातो, पण वलयातून पार होत नाही. जुन्या, फिरणाऱ्या कृष्णविवरातली विलक्षणता सौम्य असते असे त्यात एक पात्र म्हणते, आणि ते वरच्या संशोधनाला धरून आहे. थॉर्न यांच्या पुस्तकात प्रत्येक ठिकाणी हे सत्य, हा अभ्यासू अंदाज, ही कल्पनाभरारी, अशी खूण केलेली आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनाही अशी खूण लाभली तर किती बरे होईल. चित्रपटाबद्दल आमची तक्रार दुसरी आहे. 'सौम्य' हा शब्द ऐकून प्रेक्षक समजतो की नायक वाचणार हे विज्ञान सांगते. विज्ञान एवढेच सांगते की एकूण ओढाताण मर्यादित असेल. ती हाडे मोडण्याइतकी असेल की नाही, आणि पुढे काय, यावर ते गप्प आहे. पुढचा सगळा भाग तिसऱ्या खुणेत मोडतो, आणि खुणा पुस्तकात आहेत, पडद्यावर नाहीत.

एक प्रश्न उरतो, आणि हुशार विद्यार्थी तो विचारतोच. फिरण्यामुळे कोसळणे थांबूनच जात नाही का? बादली गोल फिरवली की पाणी बाहेरच्या बाजूला रेटले जाते, तसे? ही शंका पोरकट नाही. अमलकुमार रायचौधुरी यांनी कोलकात्यात काम करताना १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात गुरुत्व मार्गांना जवळ आणते आणि परिभ्रमणाची संज्ञा बरोबर उलट चिन्हाने येते. ती त्यांना दूर ठेवू पाहते. रशियात लिफ्शिट्झ आणि खलात्निकोव्ह यांनी तर १९६३ मध्ये म्हटले होते की विलक्षणता हा नुसता सममितीचा परिणाम आहे, वास्तवातल्या वेड्यावाकड्या कोसळण्यात ती येणार नाही. पेनरोज यांनी १९६५ मध्ये हा पेच एका युक्तीने सोडवला. त्यांनी पदार्थाचे मार्ग घेतलेच नाहीत. एका बंद पृष्ठभागापासून काटकोनात निघणारे प्रकाशकिरण घेतले. अशा किरणांना परस्परांभोवती पीळ नसतो, म्हणून ती उलट चिन्हाची संज्ञा आपोआप शून्य होते. तारा कितीही फिरो, पृष्ठभाग एकदा सापळ्यात सापडला की किरण जवळ येणारच. रशियन गटाने पुढे आपले मत बदलले. याच कामासाठी पेनरोज यांना २०२० चे नोबेल मिळाले.

पण पेनरोज यांचे प्रमेय नेमके काय सिद्ध करते, हे वाचून पाहावे. काही प्रकाशकिरण मर्यादित टप्प्यानंतर पुढे नेता येत नाहीत, एवढेच ते सांगते. घनता किंवा वक्रता अनंत होते असे ते म्हणत नाही. याच फटीवर खुद्द रॉय केर यांनी डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, बोट ठेवले. त्यांच्या निबंधाचा सूर तिखट आहे. किरणाची लांबी मर्यादित म्हणजे त्याच्या टोकाला विलक्षणता, हे कुणीच सिद्ध केलेले नाही, असे ते म्हणतात. आपल्याच उकलीतले असे किरण ते दाखवतात, जे क्षितिजाला लगटत जातात, ज्यांची लांबी मर्यादित आहे, आणि तरीही ते कुठल्याही विलक्षणतेत संपत नाहीत. आणि वलयाबद्दल? ते वलय म्हणजे आत असलेल्या खऱ्या फिरत्या ताऱ्याच्या जागी गणिताने ठेवलेला बदली खेळाडू, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. ज्याच्या नावाने वलय ओळखले जाते, तोच म्हणतो की ते खरे मानू नका.

या निबंधाचा पहिला भाग आम्हाला पटतो. किरण अपुरा असणे आणि काहीतरी अनंत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक पुस्तकांनी त्या एक करून टाकल्या, हे खरेच. त्यांच्या उदाहरणावर मात्र असा आक्षेप निघतो की ते किरण नकाशा अपुरा म्हणून अपुरे आहेत. मोठा नकाशा घेतला की ते पुढे जातात. गावाच्या नकाशाच्या कडेला रस्ता संपला म्हणजे रस्ता संपला असे होत नाही. दुसऱ्या भागाशी आम्ही अधिक अडखळतो. आत फिरता तारा शांतपणे टिकून राहायचा तर त्याच्याभोवतीचे आतले क्षितिजही टिकायला हवे, आणि अनंत दिवसांची टपाल एका दुपारी येऊन पडण्याचा प्रश्न या निबंधाने सुटत नाही.

फळ्यावर पुन्हा हे चित्र काढायची वेळ आली तर बाहेरचे क्षितिज आम्ही ठसठशीत काढू, आतले तुटक रेघेने. वलय विद्यार्थ्यांनी मागितलेच तर तेही काढू, आणि त्याच्याखाली 'केर यांची उकल, १९६३' असे लिहू. बाण आतल्या तुटक रेघेपाशी थांबेल.